पंखाला कात्री लावण्याआधी

शेतकरी बंधूंनो, आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या बाजारात हळदीची पोती कुठून कुठून येतात, हेही आपण बघतो. पण आपल्याच तळ्यांवर आणि धरणांच्या पाण्यावर हळदी-कुंकू नावाचे एक रानबदक राहते, हे किती जणांना माहीत आहे? चोच काळी, टोकाला हळदीसारखा पिवळा रंग आणि कपाळाजवळ कुंकवाचे दोन तांबडे ठिपके. नाव ज्याने ठेवले त्याने पारखून ठेवले. हे बदक हिवाळ्यापुरते येणारे परदेशी पाहुणे नव्हे. ते बारमाही आपल्याकडचेच. पावसाळ्यात पाण्याजवळच्या गवतात, लव्हाळ्यात, कधी बांधाच्या आडोशाला जमिनीवरच घरटे करते आणि सात-आठ ते डझनभर अंडी घालते.

आज लिहायचे कारण या बदकाची पिल्ले. सोयाबीनची सोंगणी सुरू झाली किंवा बांधावरचे गवत कापायला घेतले, की कुठे ना कुठे काळ्या-पिवळ्या पिल्लांचा घोळका पायात येतो. आई दिसत नाही. मागे कुत्रे लागलेले असते. मग सालगडी नाहीतर शाळेतून आलेली पोरे ती पिल्ले टोपल्यात घालून आखाड्यावर आणतात. दया येते म्हणूनच आणतात, वाईट हेतू कुणाचा नसतो. चार दिवस सगळे घर त्या टोपल्याभोवती. पुढे दीड-दोन महिने झाले, पंख भरले, की घरात विषय निघतो, “आता ही उडून जातील. पंख कापून टाकायचे का?”

माझे म्हणणे सरळ आहे. कात्रीचा प्रश्न सगळ्यात शेवटचा. आधी विचारायचे ते हे, की पिल्लू कुणाचे? रानातले असेल तर कात्री हातात घ्यायचीच नाही. घरच्या बदकाचे असेल तर निर्णय तुमचा. पण जी राखण तुम्ही त्याच्या पंखांतून काढून घेणार, ती तुम्हाला करता येणार असेल तरच.

रानातली पिल्ले एकटी दिसली म्हणजे पोरकी झाली, असे धरू नका. बदकाची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर दिवसभरात चालू लागतात आणि आई त्यांना घरट्यापासून पाण्याकडे पायी नेते. वाटेत शेत लागते, गाडीवाट लागते. माणूस दिसला की आई बाजूला उडते. कधी पंख मोडल्याचे सोंग करत लंगडत जाते, म्हणजे कुत्र्याने तिच्या मागे लागावे आणि पिल्ले वाचावीत. आपण दूर झालो की ती परत येते. म्हणून पहिले काम कुत्रे बांधणे आणि दुसरे काम तिथून लांब होणे. तास-दोन तास दुरून नजर ठेवा. फार तर पिल्ले जवळच्याच पाण्याच्या काठी गवताच्या आडोशाला ठेवा. गावात आणू नका. आई गाडीखाली सापडली किंवा कुत्र्याने मारली, हे डोळ्यांनी दिसले, तरच ती पोरकी.

अशी खरोखर पोरकी पिल्ले हाती आली तर काय? इथे कायदा माहीत असावा. रानबदकांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे. पकडणे, इजा करणे, अंडी किंवा घरटी बिघडवणे हेही त्यात धरले आहे. संरक्षित जीव कोणत्याही कारणाने ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचे, असे कलम ३९ सांगते. २०२२ च्या दुरुस्तीने या कायद्यातील सर्वसाधारण गुन्ह्याचा दंड २५ हजारांवरून १ लाख रुपयांपर्यंत नेला आहे, शिवाय तीन वर्षांपर्यंतची कैद. हे भीती घालायला सांगत नाही. जीव वाचवणाऱ्याने ४८ तासांत एक निरोप दिला की त्याची बाजू स्वच्छ राहते. तोच माणूस दोन महिने गप्प बसून पिल्ले पाळतो आणि वर पंख कापतो, तेव्हा दयेचे काम स्वतःच्या हाताने अडचणीचे करून घेतो.

निरोप जाऊन वनरक्षक येईपर्यंत एखादी रात्र जाते. तेवढ्यात पिल्ले दगावू नयेत, यासाठी चार गोष्टी ध्यानात ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडा कडबा किंवा गवत घाला आणि एका कोपऱ्याला ४० किंवा ६० वॅटचा दिवा उंचावर टांगा, म्हणजे थंडी वाजली तर पिल्ले जवळ येतील आणि उकडले तर लांब जातील. पाणी उथळ ताटलीत, खडे टाकून ठेवा. बदकाचे पिल्लू आहे म्हणून त्याला घमेल्यात पोहायला सोडू नका. आईच्या अंगाखाली राहणाऱ्या पिल्लाच्या लवीवर पाणी ठरत नाही. पोरक्या पिल्लाची लव भिजते आणि ते गारठून मरते. खायला कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य ओलसर करून आणि बारीक चिरलेला पाला द्या. दूध आणि पोळीचे तुकडे देऊ नका. आणि ती कोंबड्यांच्या खुराड्यात तर अजिबात ठेवू नका.

ही शेवटची गोष्ट आपल्या भागाने चांगली अनुभवली आहे. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी बर्ड फ्लूने कोंबड्या मेल्या आणि परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे याच रोगाने पडले. रानातली पाणपाखरे अंगावर काही न दाखवता हा विषाणू बाळगू शकतात. प्रत्येक पिल्लू रोगी असते असे नाही, पण दहा पिल्लांच्या हौसेपायी शंभर कोंबड्यांचा संसार कुणी पणाला लावू नये. पिल्ले हाताळली की हात साबणाने धुवा.

आता पंखांकडे येऊ. कुणी म्हणेल, “साहेब, कायदा ठीक आहे. पण पोरांनी जीव लावलाय. पंख कापले तर निदान आपल्या डोळ्यांसमोर जगेल. उडून गेलं तर कुठंतरी मरायचं.” हे म्हणणे काळजीपोटी आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

पंखाची मोठी पिसे एकदा कापली, की पिसे झडून नवी येईपर्यंत भरत नाहीत. बदकाची उडायची पिसे वर्षातून एकदाच, सगळी एकदम झडतात. तेव्हा तीन-चार आठवडे त्याला मुळीच उडता येत नाही आणि ते गवतात लपून दिवस काढते. म्हणजे दिवाळीच्या सुमारास कापलेले बदक उन्हाळा संपेपर्यंत जमिनीवर राहणार. आणि आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. चैत्र-वैशाखात गावतळे आटते, पाझर तलावाच्या तळाला भेगा पडतात, कयाधूच्या पात्रात ठिकठिकाणी डबकी उरतात. पंख असलेले बदक अशा वेळी एका रात्रीत उठते आणि सिद्धेश्वर, येलदरी नाहीतर इसापूरच्या पाण्यावर जाऊन बसते. पंख कापलेले बदक आटलेल्या तळ्याच्या चिखलात राहते, आणि तिथे कुत्री, मुंगूस, कोल्हे सगळेच पाण्याला येतात.

आपल्या माणसांनाही हे नवे नाही. दिवाळी झाली की मराठवाड्यातली किती बिऱ्हाडे ऊसतोडीला बाहेर पडतात. वाईट वाटते, पण वाटच बंद केली तर ती जगणार कशी? दुष्काळी मुलखात पाण्यापर्यंत पोचता येणे म्हणजे जगणे. बदकाला त्यासाठी पंख दिले आहेत. ते कापून त्याला जवळ ठेवणे म्हणजे त्याची उन्हाळ्याची शिदोरी काढून घेणे होय.

दुसरी अडचण माणसाळण्याची. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी कलहंसाच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जो समोर हलताना दिसतो, त्याच्याच मागे पिल्लू लागते. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणखी दोघांबरोबर मिळाले. तुमच्या मागे मागे फिरणारे पिल्लू गोड दिसते खरे, पण त्याला माणसाची भीती उरलेली नसते. गावात प्रत्येक माणूस तुमच्यासारखा नाही आणि प्रत्येक कुत्रे तुमच्या मोत्यासारखे नाही. म्हणून वन खात्याच्या सांगण्यावरून काही दिवस पिल्ले सांभाळावी लागली, तरी ती सगळी एकत्र ठेवा, हाताळू नका, पोरांना दुरून बघू द्या. पंख भरले की त्यांची वाट त्यांना धरू द्या.

घरच्या बदकांची गोष्ट वेगळी. खाकी कॅम्पबेल किंवा पांढरी पेकिन ही बदके उडून लांब जात नाहीत. त्यांचे पंख कापणे म्हणजे उगीचचा उद्योग. मस्कोव्ही आणि काही हलकी देशी बदके मात्र पत्र्यावर, झाडावर जाऊन बसतात, शेजाऱ्याच्या रानात उतरतात आणि भांडण घरी आणतात. अशांचे कापायचे ठरवले तर एकाच पंखाची बाहेरची मोठी पिसे कापतात, म्हणजे तोल जाऊन बदक उठत नाही. पीस पूर्ण पिकलेले असावे. देठ पांढरा, स्वच्छ दिसला तर ते नखासारखे निर्जीव असते. देठ निळसर किंवा तांबूस दिसला तर आत रक्त आहे, तिथे कात्री लावू नका, नाहीतर रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतील. पंखाचे टोक हाडासकट छाटायचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकूच नका. जनावराचे अंग तोडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

मात्र कापण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. रात्री बंद करायला जाळीचे दार असलेले खुराडे आहे का? कुत्रे आत येणार नाही असे कुंपण आहे का? उन्हाळ्यात डुंबायला पाणी देता येईल का? तिन्हींना “हो” असेल, तर बहुधा कापायची गरजच उरणार नाही. संध्याकाळी ठरल्या वेळी खाद्य टाकले की बदके आपण होऊन घरी येतात. आणि तिन्हींना “नाही” असेल, तर पंख कापणे म्हणजे त्यांना कुत्र्याच्या तोंडी देणे.

शेततळेवाल्यांना एक वेगळे सांगणे. २०१६ मध्ये मागेल त्याला शेततळे योजना आली आणि शेततळी वाढली, चांगलेच झाले. पण प्लास्टिकच्या अस्तराचे तळे पिल्लांना फसवते. आत उतरता येते, गुळगुळीत काठ चढून बाहेर येता येत नाही. दोन कोपऱ्यांना जुनी पोती किंवा जाळी दोरीने बांधून पाण्यापर्यंत सोडा. खर्च काही नाही. पिल्लेच काय, साळुंकी, खार आणि चुकून पडलेले तुमचे मांजरही त्यावरून वर येईल.

ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींनाही विनंती आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याखाली ग्रामपंचायतींनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या नेमून लोक जैवविविधता नोंदवह्या केल्या. बहुतेक ठिकाणी त्या कपाटात आहेत. त्या काढा, गावतळ्याच्या पानावर हळदी-कुंकू बदकाची नोंद आहे का ते बघा, नसेल तर घाला. वनरक्षकाचा फोन आणि वन खात्याचा १९२६ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. रात्री आठ वाजता पिल्ले घेऊन आलेल्या पोराला “उद्या बघू” म्हणू नका. त्याने टोपले उचलले तेव्हा त्याच्या मनात चांगलेच होते. त्याला पुढची वाट दाखवणे आपले काम.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, यंदा सोंगणीच्या वेळी बांधावर घरटे दिसले तर चार हात गवत उभे राहू द्या. त्या चार हातांत तुमचे काही पायलीभर धान्य जाणार नाही. पिल्ले निघतील, आईमागे पाण्याला जातील आणि तुम्हाला ना टोपले लागेल ना कात्री. हळदीच्या जिल्ह्यात हळदी-कुंकू टिकवायला आपल्याकडून एवढे व्हायला हरकत नाही.