दोरी कोणाच्या हाती?

‘काय करणार, लोक बदलाला तयारच नाहीत!’ धर्मगुरूंच्या बैठकांत, शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत, पतपेढ्यांच्या संचालक मंडळांत हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. स्वतः अनेकदा उच्चारलेही आहे. आज मला त्या वाक्याविरुद्धच तक्रार नोंदवायची आहे. हे रोगाचे निदान नव्हे, ही वैद्याची पळवाट आहे.

आधी माझा कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी रोजच्या सकाळच्या मिस्साची वेळ सहावरून सातवर नेली. सातला मुले येतील, थंडीत वृद्धांची सोय होईल, असा माझा हिशेब होता. रविवारी वेदीवरून घोषणा केली आणि विषय संपला असे समजलो. मुले आली नाहीत. नेहमीची माणसे मात्र रोडावली. मग मी प्रवचनांतून श्रद्धेच्या शैथिल्यावर कोरडे ओढू लागलो. शेवटी भाजीची टोपली घेऊन रोज मुंबईला जाणाऱ्या एका मावशींनी मला दारातच गाठले. म्हणाल्या, “फादर, सहाच्या मिस्साला येऊन आम्ही सातची गाडी धरायचो. एकदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं.” मावशी बदलाला विरोध करीत नव्हत्या. त्यांना जे ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते, आणि जाणून घेण्याची गरजही मला वाटली नव्हती. अश्रद्धा त्यांची नव्हती, आढ्यता माझी होती.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा सहावा अध्याय आपण अनेकदा ऐकतो, पण त्यातील एक बारकावा सहज निसटतो. यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक भाषिकांनी कुरकुर केली की, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. तक्रार खालून आली होती. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले, अडचण मांडली, कोणत्या गुणांची माणसे हवीत ते सांगितले आणि निवड लोकांवर सोपवली. लोकांनी सात जण निवडले. स्तेफनपासून निकलावपर्यंत त्या सातांची नावे वाचा. सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटपाची व्यवस्था गेली असे दिसते. प्रेषितांनी हात त्यांच्या मस्तकावर ठेवले, भांडाराच्या किल्ल्यांवर नव्हे.

हे पहिल्या शतकातील लहानशा मंडळीला शोभले, आजच्या अवाढव्य संस्थांना ते कसे झेपणार, असे कोणी म्हणेल. मग यंत्रयुगातलेच उदाहरण घेऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी, मद्यपान आणि सदोष मोटारी यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. 1982 साली तो बंद पडला. ‘हे कामगार सुधारण्यापलीकडचे आहेत’ असाच बहुतेकांचा ग्रह होता. 1984 साली टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना पुन्हा सुरू झाला. इमारत तीच, कामगार संघटना तीच आणि बहुतांश कामगारही तेच! त्यांच्यातील कित्येकांना काम पाहण्यासाठी जपानला पाठवण्यात आले. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. दोष दिसताच साध्या कामगारानेही ती ओढावी, वरिष्ठाने मदतीला धावून यावे आणि गरज पडल्यास काम थांबावे, असा नियम झाला. पूर्वी काहीही झाले तरी उत्पादन थांबवायचे नाही, हाच दंडक होता. थोड्याच काळात तेथून उत्तम प्रतीच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. माणसे बदलली नव्हती, त्यांच्यावरचा विश्वास बदलला होता.

पण तो धडा जनरल मोटर्सला आपल्या इतर कारखान्यांत वेळीच रुजवता आला नाही. दोरी टांगणे सोपे असते. ती ओढणाऱ्यावर न खेकसणे अवघड असते.

‘ख्रिस्तसभा म्हणजे लोकशाही नव्हे,’ हा आक्षेप मला अपेक्षित आहे. 1983 च्या धर्मसंहितेचा 536 वा नियम पाळकीय मंडळाला केवळ सल्ल्याचा अधिकार देतो, हेही खरे. परंतु सल्ल्याचा अधिकार म्हणजे निर्णयाआधी ऐकले जाण्याचा अधिकार. घोषणा झाल्यावर टाळ्या वाजवण्याला सल्ला म्हणत नाहीत. 537 वा नियम तर प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे, असे बजावतो. आणि 26 ऑक्टोबर 2024 रोजी पोप फ्रान्सिस यांनी मान्यता दिलेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजात अशी सहभागाची मंडळे अनिवार्य करावीत, असा आग्रह धरला आहे. प्रेषित लोकांचे ऐकूनही प्रेषितच राहिले. फ्रीमाँटचे व्यवस्थापकही दोरी देऊन व्यवस्थापकच राहिले. ऐकल्याने अधिकार जातो, ही भीती ज्याला आपल्या अधिकाराचीच खात्री नाही त्याची असते.

लोकांचा विरोध नेहमीच निर्मळ असतो, असे मी म्हणत नाही. खुर्चीचा मोह प्रापंचिकांनाही सुटलेला नाही. मंडळावर निवडून येऊन वर्षभर मान डोलावायची आणि बाहेर पारावर टीका करायची, हाही अपराधच आहे. दोरी हाती असून न ओढणारा दोषात भागीदार असतो.

आम्ही धर्मगुरू बदलीची माणसे. काही वर्षांत आमची पेटी उचलली जाते. जो बदल केवळ फादरांचा असतो, तो त्या पेटीबरोबर निघून जातो. जो लोकांचा असतो, तो त्या मातीत राहतो. म्हणून नवे काही आरंभण्यापूर्वी प्रत्येक प्रमुखाने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. या बदलाची झळ ज्याला लागणार, त्याच्याशी मी बोललो आहे काय? आणि या बदलासाठी माझ्या हातातले मी काय सोडणार आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तो बदल नव्हे, नुसता हुकूम आहे.

त्या धर्मग्रामातील मिस्सा मी पुन्हा सहाला केला. मावशी टोपली दाराशी ठेवून पूर्वीसारख्याच मागच्या बाकावर बसू लागल्या. घंटेची दोरी एरवी मदतनीसाच्या हातात असे. पण त्या सकाळी कोणी तरी वेळेवर ओढायला सांगितले म्हणून ती वेळेवर वाजली, हे मी विसरलेलो नाही.