कोरड्यास काय?

जुन्या पाकपुस्तकांविषयी अलीकडे मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले जाते. आजीच्या ट्रंकेत सापडलेले, पुठ्ठा निसटलेले, पानापानावर हळदीचे डाग पडलेले पुस्तक हे या लेखनातील एक ठरलेले दृश्य. त्या पुस्तकातील चिंचगुळाची आमटी, भरली वांगी, पंचामृत, कोशिंबीर ही नावे वाचताच शहरी धकाधकीने शिणलेल्या मनास घर आठवते, असा या लेखनाचा एकंदर सूर असतो. या सुरात खोटे काही नाही. ऊन अन्नाने मन निवते हे दिवसभर राबणाऱ्या माणसाइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तथापि ज्या घराची आठवण ही पुस्तके जागवितात ते घर नेमके कोणाचे, हा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

मराठवाड्यात शेतावरून परतलेला माणूस ‘जेवायला काय आहे’ असे सहसा विचारीत नाही. तो विचारतो, ‘कोरड्यास काय?’ भाकरी आहे हे त्याने गृहीत धरलेले असते. ती नसेल तर पुढचा प्रश्नच उरत नाही. कोरडी भाकरी घशाखाली उतरावी म्हणून जे काही पातळ वा ओलसर सोबतीस घ्यावयाचे ते कोरड्यास. पाकपुस्तकांत याच्या जवळ जाणारा शब्द ‘तोंडीलावणे’ हा आहे. पण दोन शब्दांमध्ये अंतर किती! पुस्तकातील ताटात वरणभात, पोळी, भाजी, आमटी मांडून झाल्यावर डाव्या हातास चटणी नि कोशिंबीर येते आणि तिला तोंडीलावणे म्हणतात. ज्या घरात भाकरीसोबत फक्त ठेचा, किंवा कारळ्याची चटणी, किंवा बुक्की मारून फोडलेला कांदा असे, त्या घरात तोंडीलावणे हेच सारे जेवण होते. एका वर्गाच्या ताटाची डावी बाजू म्हणजे दुसऱ्या वर्गाचे संपूर्ण ताट, ही गोष्ट पाकशास्त्राच्या कोणत्याही प्रकरणात नोंदलेली आढळत नाही.

मराठीतील पाकपुस्तकांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० साली आले. त्यात मांस-मासळीसही स्थान आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीच्या सामानात तिची प्रत असणे ही मध्यमवर्गीय घरांतील जणू रीतच होऊन बसली. वाटी-चमच्याच्या साध्या मापाने लिहिलेल्या या पुस्तकाने आईपासून दूर, दोन खोल्यांत संसार मांडणाऱ्या हजारो तरुण स्त्रियांना हात दिला. या लेखिकांना नावे ठेवण्याचे काहीही कारण नाही. त्यांनी आपापल्या स्वयंपाकघराची प्रामाणिक नोंद केली. दोष आहे तो त्या नोंदीस ‘महाराष्ट्राचे जेवण’ असे नाव देऊन मोकळ्या झालेल्या आपल्या सांस्कृतिक व्यवहाराचा. ‘रुचिरा’ निघाली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२च्या दुष्काळात, मराठवाड्यातील माणसे खडी फोडीत होती, कामावर सुकडी खात होती आणि अमेरिकेतून आलेल्या मिलोची भाकरी थापू पाहत होती. त्या भाकरीची कृती कोणी लिहिली नाही. ती थापली जाताना कशी फाटते आणि पाणी किती ऊन घेतले असता थोडीफार सांधते, हे ज्ञान त्या बायांबरोबरच गेले.

ही उणीव भरून काढणारे पुस्तक याच शहरातून निघाले, ही आपल्याला अभिमानाची वाटावी अशी गोष्ट आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जनशक्ती वाचक चळवळीने २०१५ साली प्रसिद्ध केले. जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातील ‘पूर्णब्रह्म’ या शब्दास एक ‘अ’ जोडून लेखकाने आपले सारे म्हणणे शीर्षकातच मांडले आहे. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या स्वयंपाकाची ही नोंद आहे: मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवून केलेल्या चान्या, रक्ती, वजडी, बांधावरचा पाला, आणि तेल-तूप-दुधाचा जवळजवळ अभाव. भूषण कोरगांवकर यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने २०२४ साली आला, आणि मग आपल्या वृत्तपत्रांना या पुस्तकाची विशेष आठवण झाली. मराठीत ते नऊ वर्षे उपलब्ध होते. आपल्या चळवळीतील किती जणांनी ते वाचले होते, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा.

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. गावोगावच्या लोकांनी ते मानले, त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. जे अन्न सोडणे हाच स्वाभिमानाचा प्रारंभ होता, त्याच्या पाककृती आज छापावयाच्या कशासाठी? एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा आवाज चढला होता आणि डोळे भरून आले होते. त्यांच्या आईने जे खाल्ले ते कोणा हौशी वाचकाने ‘वेगळी चव’ म्हणून चाखून पाहावे, ही कल्पनाच त्यांना असह्य वाटत होती.

हा आक्षेप हलका मानता येणार नाही. भुकेने जे खावयास लावले त्यास खमंग फोडणी देऊन ‘वारसा’ म्हणून विकणे ही भुकेची विटंबना आहे, आणि बाजाराला ती चांगली जमते. चुलीवरची भाकरी नि ठेचा आज महामार्गावरील ढाब्यांवर भरभक्कम किमतीला मिळतो आणि तेथे भाकरी थापणारी बाई दिवसाच्या मजुरीवर, धुराकडे तोंड करून बसलेली असते. परंतु पाटोळे यांचे पुस्तक वाचणाऱ्यास कळेल की ते ढाब्याच्या भिंतीवरील चित्र नाही. प्रत्येक पदार्थ कोणत्या सक्तीतून आला, वाटा कोणाकडून कसा मिळे, कोणता भाग कोणाच्या वाट्यास येई, हे त्या कृतींबरोबरच येते. अपमानाची नोंद पुसली म्हणजे अपमान झालाच नाही असे म्हणावयास दुसरा पक्ष मोकळा होतो. म्हणून त्या ज्येष्ठ मित्राशी आदरपूर्वक मतभेद नोंदवून आमचे म्हणणे असे की, लिहिलेच पाहिजे. मात्र अर्धे लिहू नये.

अर्धे म्हणजे काय, ते एका साध्या भाजीवरून सांगतो. अंबाडीची भाजी मराठवाड्यात जातिभेद न पाळता सर्व घरांत होते. पाला उकडून, आंबटपणा उतरावा म्हणून पाणी काढून, पिळून घ्यावयाचा. मूठभर तूरडाळ नि तितक्याच ज्वारीच्या कण्या यांच्यासह शिजवून घोटावयाचा. आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. कृती एवढीच. आमच्या घरी ही फोडणी लोखंडी पळीत होई. ती आधी वडिलांच्या ताटात, मग आम्हा भावांच्या ताटांत पडे. आई नि बहीण शेवटी बसत, तेव्हा पळी कोरडी असे. आई भाकरीच्या तुकड्याने पळी पुसून तो तुकडा बहिणीस देई. मी ही भाजी पुढे शहरात शिकावयास आल्यावर कित्येकदा आठवली, तिच्यावाचून झुरलो, तिच्याविषयी मित्रांना रसभरीत वर्णन करून सांगितले. पळीची गोष्ट मात्र मला फार उशिरा आठवली. ‘आईच्या हातची चव’ म्हणून जे आपण गौरवितो त्यात त्या हाताची पहाटेची दळणे, सरपणाची वणवण आणि शेवटची पंगत ही सारी आहेत. पाकपुस्तकात ‘साहित्य’ या मथळ्याखाली श्रम कधी लिहिलेले नसतात.

त्या श्रमांना मोल देण्याचे प्रयत्न झाले ते पाकपुस्तकांच्या बाहेर. पुण्यात बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हमालास परवडेल अशा दरात पोटभर, स्वच्छ जेवण. मुंबईच्या गिरणगावात घरच्या घरी कामगारांची खानावळ चालविणाऱ्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि सावकाराऐवजी बँकेचे दार दाखविले. रांधणे हे काम आहे, त्यास दाम आहे, एवढी साधी गोष्ट सिद्ध करावयास संघटना उभ्या कराव्या लागल्या! आपल्या शहरात चिकलठाणा नि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींभोवती, विद्यापीठाच्या आणि शिकवणी वर्गांच्या परिसरात, खानावळी चालविणाऱ्या नि डबे करून देणाऱ्या बाया थोड्या नाहीत. खेड्यातून एस. टी.ने मुलासाठी डबा धाडणारी आई आणि परक्याच्या मुलासाठी डबा भरणारी ही बाई यांच्यावरच या शहरातील कित्येक पदव्या उभ्या आहेत. या बायांची संघटना करण्याचा विचार आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर कधी येणार?

शहराचे दुसरे स्वयंपाकघर जुन्या वस्त्यांत आहे. नान-खलिया हा येथील खास पदार्थ. दौलताबादेस राजधानी हलविणाऱ्या मुहंमद तुघलकाच्या लष्कराशी त्याची उत्पत्ती जोडली जाते. ती कथा खरी की रचलेली, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. मोठ्या डेगेत शिजणारा खलिया आणि तंदूरमधून निघणारी पिवळसर तकतकीत नान हे लग्नकार्यात शेकडो माणसांना एका पंगतीत, एका रश्शावर, पोटभर जेवू घालणारे अन्न आहे, हे मात्र डोळ्यांनी दिसते. मराठी पाकपुस्तकांना या डेगेचा पत्ता लागलेला नाही. २०१५ साली, म्हणजे पाटोळे यांचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी घालणारा कायदा अंमलात आला आणि गरिबाचे स्वस्त मांस महाग झाले. कोणाच्या ताटात काय असावे हे पाकपुस्तक केवळ सुचविते; कायदा पोलीस पाठवून सांगतो.

आणि भाकरी? तिचीच सर्वांत मोठी काळजी आहे. खरीप ज्वारीच्या शेतांत सोयाबीन आले. रब्बीची मालदांडी अजून तग धरून आहे, पण कोरडवाहू शेतकऱ्यास तिचा खर्च निघेनासा झाला. शिधापत्रिकेवर मिळते ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याचा उल्लेख आहे, एक रुपया किलो हा दरही त्यात होता, आणि जानेवारी २०२३पासून धान्य मोफतही झाले. तरी ज्वारी गरिबाच्या पिशवीत नियमाने पडत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारी-बाजरीस ‘श्रीअन्न’ ही पदवी मिळाली, शहरातील दुकानांत ज्वारीची बिस्किटे आली. जिने पिढ्यान्‌पिढ्या भाकरी थापली ती मजूर बाई आज रेशनच्या गव्हाच्या पोळ्या लाटते, कारण बाजारातील ज्वारी तिला परवडत नाही. कण्या, हुलग्याचे माडगे, शेंगोळे, येसराची आमटी हे पदार्थ तिला येतात. तिच्या सुनेला त्यांपैकी निम्मे येत नाहीत. तिच्या नातीला नावेही ठाऊक नसतील.

म्हणून एक सूचना. आपल्या शिबिरांत आपण ठराव लिहितो, अहवाल लिहितो. जेवणाच्या वेळी मात्र ताट उचलून चर्चा चालू ठेवतो आणि रांधणाऱ्या बाया आतच राहतात. पुढील शिबिरापासून एक वही त्यांच्याजवळ न्यावी. पदार्थ लिहावा, दाणे कोणाच्या शेतातले, सरपण कोठून आले, घरात कोण आधी जेवले, तेल कोणत्या वर्षापासून परवडू लागले, हेही त्याच पानावर लिहावे. मापे मुठीने दिली जातील, ती तशीच ठेवावीत. मागच्या उन्हाळ्यात पैठण तालुक्यातील एका खेड्यात प्रस्तुत लेखकाने असा प्रयत्न करून पाहिला. सत्तरीच्या एका बाईंनी ताकातल्या कण्यांची कृती सांगितली, ती वाचून दाखविल्यावर मान डोलावली, आणि मग वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘जवारी उसनी आणली व्हती, त्ये न्हाई लिवलं तुमी.’’ ते लिहून घेतले. मग त्यांनी किती पायली आणली होती आणि ती फेडताना सवाई कशी द्यावी लागली, तेही सांगितले. वहीची पुढची दोन पाने त्यातच भरली. कण्या त्यात चार ओळींच्याच आहेत.