बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या

पाऊस सुरू झाला की आमच्या घाटकोपरमध्ये घरोघरी चिखल्या सुरू होतात. बोटांची बेचकी पांढरी पडते, सोलते, खाजते. काहींना त्या वर्षभर पुरतात. मग म्हणतात, दिवसातून पाच वेळा वुजू, पाय बरे होणार कसे? पण वुजूचं पाणी क्षणभराचं असतं. बुरशी पोसते ती नंतर राहिलेल्या ओलीवर. खिलाल करून आपण पाणी बेचक्यांत नीट पोचवतो आणि पाय तसेच ओले मोज्यांत घालतो! दुखणं असताना पाय पुसायला हरकत नाही. तेवढा फडका मात्र प्रत्येकाचा वेगळा हवा.

खरी फसगत मेडिकलच्या दुकानात होते. खाज दोन दिवसांत थांबवणाऱ्या पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. खाज दबते, बुरशी पसरत राहते. 2018 साली सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी आपण मागतो आणि ती मिळतात. राजावाडी रुग्णालय जवळ असताना हा जुगार कशाला? कातडीचा कीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे की इसब, ते बहुधा कळतं. औषध डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावायचं, खाज गेली म्हणून सोडायचं नाही.

घरात अम्मींना किंवा अब्बांना साखर असेल, तर रात्री त्यांची बेचकी आपणच पाहावी. त्यांना भेग जाणवत नाही आणि तिच्यातून जंतू शिरून पाय सुजतो. जखमेला पाणी चालत नाही असं डॉक्टर म्हणाले, तर मसह किंवा तयम्मुमचं आलिमांना विचारावं. नमाज सुटत नाही.