ताटात काय आहे, एवढेच विचारा

रमजानच्या पानासाठी लेख हवा असा निरोप आला की संपादकांना साधारण काय हवे असते, ते इतक्या वर्षांत मला कळले आहे. शीरखुर्मा, खजुराचे प्रकार, सहेरीला उठवणाऱ्या फकिरांची आठवण. हे सगळे खरे आहे आणि चविष्टही आहे. पण माझ्या रमजानमध्ये गेली पंचवीस वर्षे इडली-सांबारही आहे आणि त्याच्यावर अजून कोणी लेख मागितलेला नाही. म्हणून यंदा न मागता लिहिते.

पुण्यातल्या फर्ग्युसन रस्त्यावरचे ‘वैशाली’ पाथर्डीकरांना अगदीच परके नाही. आपल्याकडची किती तरी मुले शिकायला पुण्यात जातात, त्यांना सोडायला आईबाप जातात, आणि वसतिगृहातली गादी-बादली लावून झाली की मुलगाच आईबापांना तिथे घेऊन जातो. मी २००१ साली एम. ए. करायला पुण्यात गेले. त्या वर्षी रमजान नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला. थंडीचे दिवस, सूर्य सहाच्या आत मावळायचा. मेसचे जेवण त्यानंतर तास-दीड तासाने. घरी असते तर आईने दस्तरखान मांडून ठेवला असता. इथे पिशवीत खजुराची पुडी होती आणि समोर अख्खा फर्ग्युसन रस्ता.

माझी खोलीतली मैत्रीण सातारकडची, चतुर्थीचे उपास करणारी. तिनेच मला पहिल्यांदा ‘वैशाली’त नेले. मागच्या अंगणातल्या झाडाखालच्या टेबलावर बसलो. मी घड्याळाकडे बघत होते, वेटर आमच्याकडे बघत होता. ‘दहा मिनिटांनी ऑर्डर देतो,’ असे ती त्याला म्हणाली. त्या गर्दीत टेबल अडवून बसणे म्हणजे खरे तर गुन्हाच. माझ्या हातातला खजूर बघून तो काही न बोलता पाण्याचे दोन ग्लास ठेवून गेला. वेळ झाली, मी दुआ पुटपुटले, खजूर खाल्ला, पाणी प्यायले, आणि मग इडली आली. दिवसभर रिकामे असलेल्या पोटाला वाफाळत्या इडलीइतके सोसणारे दुसरे काही नाही, हे माझे ठाम मत त्या संध्याकाळचे आहे. घरी आम्ही भजी आणि समोशांनी रोजा सोडतो आणि मग तरावीहच्या नमाजात छातीत जळजळते. त्याबद्दल आमच्या मंडळींशी माझा जुना वाद आहे, तो इथे नको.

रमजानच्या महिन्यात एक संकष्टी येतेच. त्या दिवशी आम्ही दोघी उपाशी असायचो. मी सूर्य मावळायची वाट बघायची, ती चंद्र उगवायची. माझी सुटका सहाला, तिची रात्री नऊच्या सुमाराला. मी इडली खात असताना ती समोर नुसती फिल्टर कॉफी पीत बसायची आणि ‘तुझा देव लवकर सोडतो,’ म्हणायची. ‘तुला दिवसा पाणी तरी चालते,’ हे माझे उत्तर ठरलेले.

चांद्रमास असल्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत वर्षाची पूर्ण फेरी मारतो. मी नोकरीला लागले, लग्न झाले, पाथर्डीत स्थिरावले. पण विद्यापीठ पुण्यातच असल्यामुळे पेपर तपासणी, बैठका, उजळणी वर्ग यांसाठी जाणे सुटले नाही. नगर, शिरूर, शिक्रापूर करत एसटीने पुण्याला पोचेपर्यंत अंग आंबते. एका वर्षी रोजा थंडीतला, काही वर्षांनी ऐन गणपतीतला, मग २०१६ साली जूनमधला, म्हणजे सव्वासात वाजेपर्यंत घसा कोरडा. आता तो फेब्रुवारी-मार्चवर येऊन ठेपला आहे. या सगळ्या ऋतूंत मी त्या अंगणात एकदा तरी रोजा सोडला आहे. कधी मैत्रिणीबरोबर, कधी नवऱ्याबरोबर, पुष्कळदा एकटीने. एकट्या बाईने संध्याकाळी हॉटेलात बसणे आपल्याकडे अजूनही सहज खपत नाही. तिथे खपते, हेही पुन्हा पुन्हा जाण्याचे एक कारण आहे. फेरी पूर्ण व्हायला अजून आठ वर्षे आहेत. गुडघे साथ देतील असा अंदाज आहे.

मला तिथे इतके मोकळे का वाटते, याचा मी अलीकडे विचार करते. कारण अगदी साधे आहे. मांसाहारी हॉटेलात गेले की मला विचारावे लागते, हलाल आहे का. माझ्या त्या मैत्रिणीला विचारावे लागते, पळी आणि कढई वेगळी आहे का. आमच्या जैन सहकाऱ्यांना कांदा-लसणाचे विचारावे लागते. हे प्रश्न योग्य आहेत. ज्याचा जो नियम, तो त्याने पाळावा. शाकाहारी हॉटेलात मात्र माझा प्रश्न संपतो. तांदूळ, उडीद, डाळ, नारळ, यात माझ्या धर्माला हरकत घेण्यासारखे काही नाही. आमच्यातले काही जण नाक मुरडतात, ‘रोजा सोडायला तुला तेच हॉटेल सापडते का?’ म्हणतात. त्यांना मी म्हणते, ताटातली एक वस्तू दाखवा जी आपल्याला वर्ज्य आहे. अजून कोणी दाखवलेली नाही.

ज्या माणसाने ते हॉटेल नावारूपाला आणले ते जगन्नाथ शेट्टी २०२३ मध्ये नव्वदीच्या घरात गेले. दक्षिण कन्नड भागातल्या खेड्यातून लहान वयात घर सोडून निघालेला मुलगा, कल्याणला नातेवाइकाच्या हॉटेलात राबलेला, १९४९ मध्ये पुण्यात आला. ‘वैशाली’चे आधीचे नाव ‘मद्रास हेल्थ होम’. त्यांची भाषा वेगळी, पदार्थ वेगळे. सांबार हा प्रकारही तेव्हाच्या पुणेकराला आमटीचा बिघडलेला भाऊ वाटला असणार. तरी पुणेकराने ते खाल्ले आणि आज तो पाहुण्यांना ‘आमचे वैशाली’ म्हणून तिथे नेतो. पुणेकर सहजासहजी कशालाच ‘आमचे’ म्हणत नाही, हे ध्यानात घ्या.

हे इतके सहज झाले असे मात्र कोणी समजू नये. त्याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. गोपाळराव जोशींनी त्या सगळ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात भडका उडाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांचीही नावे त्यात होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. चहात काय होते, हे कोणी विचारले नाही. दूध, साखर, पत्ती. दुसरे काय असणार? तो कोणाच्या हातचा होता, एवढ्यावरच सगळे रामायण. त्यानंतरही कितीतरी वर्षे रेल्वेच्या फलाटावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे माठ असत. एकाच विहिरीचे पाणी दोन माठांत गेले की त्याला धर्म येई.

हे सगळे बघितलेल्या माणसांनी राज्यघटना लिहिली. म्हणूनच अनुच्छेद १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा मुद्दाम उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही. मी वर्गात मराठी शिकवते, राज्यशास्त्र नाही. तरीही दर वर्षी हे कलम मुलांना वाचून दाखवते. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेल आले आहे याचे त्यांना नवल वाटते. मला वाटत नाही. माणूस माणसाला सगळ्यात जास्त दुखावतो ते पंगतीतून उठवून.

जुलै २०२४ मधली गोष्ट अनेकांना आठवत असेल. उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडमध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांवर मालकांची नावे लावण्याचा आदेश निघाला होता. हातगाडीवर फळे विकणाऱ्यालाही नाव लावायचे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ जुलैला न्यायमूर्ती हृषीकेश रॉय आणि न्यायमूर्ती एस. व्ही. एन. भट्टी यांच्या खंडपीठाने अंतरिम आदेश दिला: कोणत्या प्रकारचे अन्न मिळते ते दुकानदाराने लिहावे, पण मालकाचे किंवा कामगारांचे नाव लावण्याची सक्ती करता येणार नाही.

त्या सुनावणीत न्यायमूर्ती भट्टींनी स्वतःचा एक अनुभव सांगितला. ते केरळमध्ये असताना त्यांच्या शहरात दोन शाकाहारी हॉटेले होती, एक हिंदू मालकाचे, एक मुसलमान मालकाचे. ते मुसलमानाच्या हॉटेलात जात, कारण तो मालक दुबईहून परतलेला होता आणि त्याने स्वच्छतेचे परदेशातल्यासारखे मानदंड ठेवले होते. मी ते वाचले आणि दोन दिवस वर्गात सांगत फिरले. एका न्यायाधीशाचे आवडते शाकाहारी हॉटेल मुसलमानाचे आणि माझ्यासारख्या रोजेदार बाईचे आवडते शाकाहारी हॉटेल शेट्टींचे. आम्ही दोघेही गेलो ते ताट बघून.

यावर कोणी म्हणेल की ग्राहकाला माहिती मिळायला नको का? हवीच. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तो मलाही उपयोगी पडतो. तूप शुद्ध आहे का, तेल कोणते, भांडी वेगळी आहेत का, स्वयंपाकघर उघडे बघता येते का, हे सगळे बेलाशक विचारा. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतला शुद्ध हा शब्द अन्नाला लावला आहे तोवर माझी त्याला काहीच हरकत नाही. तो रांधणाऱ्याला किंवा जेवणाऱ्याला लावायला सुरुवात झाली की आपण परत पंचहौदवर पोचतो. आणि हेच मी आमच्या लोकांनाही सांगते. ‘ईदचे सामान आपल्याच माणसाकडून घ्या’ असे संदेश मोबाइलवर फिरतात तेव्हा तेही त्याच जातीचे असतात. त्यांना उर्दूत लिहिल्याने पुण्य लागत नाही.

आता आपल्या तालुक्यातले बोलू. मढीच्या कानिफनाथांना आमच्याकडची जुनी माणसे शाह रमजान माही सवार म्हणतात. ज्या महिन्याचे हे पान आहे, त्याचेच नाव त्या नावात आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथली यात्रा चालते, गाढवांचा बाजार भरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या जातिधर्मांचे व्यापारी तिथे पाल ठोकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेत यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना बंदी करण्याचा ठराव झाला. प्रशासनाने तो नियमबाह्य ठरवला, पण व्हायचे ते बोलणे होऊन गेले. त्याच वर्षी ३० मार्चला पाडवा होता आणि ३१ मार्चला ईद.

त्या वेळी गावाने दिलेले कारण मी नीट वाचले, कारण दुसऱ्याची बाजू वाचल्याशिवाय मत देऊ नये असे मी मुलांना शिकवते. यात्रेआधीचा महिना मढीकर व्रतासारखा पाळतात. तळण करायचे नाही, लग्नकार्य करायचे नाही, अशी जुनी बंधने आहेत. बाहेरून येणारे व्यापारी ती पाळत नाहीत, ही त्यांची तक्रार. या तक्रारीशी मला भांडायचे नाही. जिभेला महिनाभर लगाम घालणे म्हणजे काय आणि तो घातलेला असताना शेजारच्या कढईचा वास नाकात शिरणे म्हणजे काय, हे रोजेदाराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. उलट सांगते, या तालुक्यात मढीकरांचे हे दुखणे सगळ्यात लवकर कोणाला कळेल तर ते आम्हालाच.

पण मग नियम कढईचा करा. त्या महिन्यात गावात कोणीही तळण करायचे नाही, असे म्हणा. मग भजी तळणारा कोण आहे याला महत्त्व उरत नाही. भजी तळली का, एवढेच बघायचे. नियम मोडणारा नावाने कोणीही असो, त्याचे पाल उचला. आणि नियम पाळणारा बांगडीवाला नावाने शेख असला, तर त्याच्याकडून बांगड्या भरायला लेकीबाळींना जाऊ द्या, जशा त्या आजवर जात आल्या आहेत.

यंदाही रमजान, होळी आणि पाडवा पाठोपाठ आले आहेत. मढीकरांनी आपल्या बंधनांची यादी करावी आणि यात्रेच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत पाटी लावावी. बाहेरगावच्या दुकानदारांसाठी ती उर्दूतही हवी असेल, तर मी विनामोबदला लिहून देते. अक्षर बरे आहे माझे.