चक्रवाढ व्याज शिकवताना क्रेडिट कार्डही शिकवा, आणि रिबाही



आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज आहे. मुद्दल, दर, मुदत सूत्रात घालायची आणि उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. मुलं हे पटकन शिकतात. पण हे व्याज आज घरात शिरतं ते क्रेडिट कार्डातून, आणि कार्डाचं बिल वर्गात कुणी आणत नाही.

दुसरी गोष्ट. वर्गात काही मुलं अशी असतात ज्यांच्या घरी व्याज हराम मानतात. त्यातल्या एखाद्यानं विचारलं, "सर, मग हे गणित करायचं कशाला?" तर आपलं ठरलेलं उत्तर असतं, "तो धर्माचा विषय, आपण गणित करू." मला हे उत्तर पटत नाही. त्या मुलाचा प्रश्न गणिताचाच आहे, आणि तो सगळ्या वर्गाच्या कामाचा आहे.

आधी आकडे बघा. कार्डावर २०,००० रुपये बाकी आहे, दर महिना ३.५ टक्के. आपल्याकडे असे दर सर्रास आहेत. मुलांना वार्षिक दर विचारा, बहुतेक जण ४२ म्हणतील. महिन्याच्या चक्रवाढीनं तो ५१ टक्क्यांवर जातो. आता बिलावरची 'किमान देय रक्कम' घ्या, समजा बाकीच्या ५ टक्के. नवी खरेदी शून्य, दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरली, तर वर्षभरात खिशातून सुमारे ११,३०० रुपये जातात आणि कर्ज कमी होतं जेमतेम ३,७०० नं. बाकी निम्मी व्हायला साधारण साडेतीन वर्षं लागतात. व्याजावरचा जीएसटी यात धरलेलाच नाही. शिवाय पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आता इस्लामी अर्थव्यवहाराचं तत्त्व. कुराणात व्यापाराला परवानगी आहे, रिबाला मनाई. उसन्या पैशावर आधीच ठरवून घेतलेली वाढ म्हणजे रिबा. नफा कमवा, पण त्यासाठी वस्तू विका, सेवा द्या, धोका पत्करा. नुसती मुदत वाढवली म्हणून पैसे मागू नका. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, असंही तिथे सांगितलं आहे. कार्डाच्या बिलावर नेमकं उलटं घडतं. जो अडला त्याचंच मीटर पळतं.

"पण आम्ही तर दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, व्याज लागतच नाही!" हा आक्षेप पालकसभेत हमखास येईल. इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिकह अकादमीनं २००० साली रियाधच्या अधिवेशनात यावरच निर्णय दिला: करारात व्याजाची अट असेल तर मुदतीत पैसे भरायचा इरादा असला तरी ते कार्ड वापरू नये. पहिल्यांदा वाचताना हे फार कडक वाटतं. मला मात्र यात व्यवहारज्ञान दिसतं. सही करताना प्रत्येकाचा इरादा चांगलाच असतो. आजारपण, गेलेली नोकरी, दिवाळीची खरेदी नंतर येते, आणि अट तेव्हा जागी होते. म्हणून हा निर्णय माणसाच्या इराद्याकडे न बघता कागदावरच्या अटीकडे बघतो. ज्यात व्याजाची अट नाही, खात्यातले आपलेच पैसे जातात, त्या डेबिट कार्डाला हरकत नाही. दुकानदाराकडून घेतलेलं कमिशनही चालतं, ती सेवेची किंमत धरतात.

मलेशियात आणि आखाती देशांत 'इस्लामी क्रेडिट कार्ड' मिळतात. त्यावर 'व्याजमुक्त' लिहिलंय म्हणून भुलायचं कारण नाही. मलेशियातली सुरुवातीची काही कार्डं 'बै अल-इना'वर उभी होती: बँक एखादी वस्तू तुम्हाला उधारीवर जास्त किमतीला विकणार आणि लगेच रोखीनं कमी किमतीला परत घेणार. वस्तू जागची हलत नाही, फरक तेवढा बँकेला मिळतो. आखातातल्या बहुतेक विद्वानांनी हे नाकारलं, आणि मला त्यांचंच बरोबर वाटतं. नाव बदललं म्हणून गणित बदलत नाही. त्यापेक्षा ठरावीक वार्षिक शुल्क घेणारी आणि उशिराचा दंड स्वतःच्या नफ्यात न धरता दानधर्माला देणारी कार्डं तत्त्वाशी जास्त प्रामाणिक म्हणावी लागतील. भारतात स्वतंत्र इस्लामी बँकिंग नाही. रिझर्व्ह बँकेनं तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं २०१७ मध्ये स्पष्ट केलं.

हे सगळं परक्यांचं आहे असं कुणाला वाटत असेल तर दामदुप्पट आठवा. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा जुन्या हिंदू कायद्यातला नियम, आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयं ब्रिटिश काळातही तो मानत. त्यानं व्याजाला मनाई केली नाही, फक्त मर्यादा घातली. रिबाचं तत्त्व दारच बंद करतं. दोन्हीमागची काळजी एकच, की कर्जानं माणूस गिळला जाऊ नये. मुलांना विचारा: महिना ३.५ टक्क्यांनी, काहीच न भरता, मुद्दल दुप्पट कधी होईल? एकविसाव्या महिन्यात. दामदुपटीनं व्याज तिथे थांबलं असतं. कार्डाचं थांबत नाही.

पालकांना एक विनंती. नाव आणि कार्डाचा नंबर काळ्या शाईनं खोडून जुन्या बिलाचं एक पान मुलाबरोबर शाळेत पाठवा. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज बसेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यावर छापलेला असतो. वर्गात तो मुलांनाच शोधू द्या, आणि किती बारीक अक्षरात आहे तेही बघू द्या.