उंदराला झालं, म्हणजे मला होईल का डॉक्टर?

परवा धरमतरहून मधुमेहाचे एक जुने पेशंट आले. मोबाईलवर मेसेज वाचला होता: सॅकरीनमुळे उंदरांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो. काकांनी घाबरून गोडीच्या गोळ्या फेकल्या आणि चहात पुन्हा दोन चमचे साखर सुरू केली. उपाशीपोटी साखर 240!

मेसेज खोटा नव्हता, अर्धवट होता. 1970च्या दशकात उंदरांच्या खाण्यात 5 टक्के आणि त्याहून जास्त सॅकरीन मिसळलं, तेही आयुष्यभर, तेव्हा मुख्यतः नर उंदरांत गाठी दिसल्या. सॅकरीन आतड्यातून शोषलं जातं आणि शरीरात न बदलता लघवीतून बाहेर पडतं. उंदरात तसं, माणसातही तसंच. फरक आहे तो लघवीत. नर उंदराच्या लघवीत प्रथिनं आणि कॅल्शियम फॉस्फेट भरपूर. एवढ्या सॅकरीनमुळे त्यांचे बारीक कण साचतात आणि मूत्राशयाचं अस्तर खरवडत राहतात. आपल्या लघवीत तसं होत नाही. म्हणून 2000 साली अमेरिकेने कॅन्सरकारक पदार्थांच्या सरकारी यादीतून सॅकरीन काढलं.

पण उंदराला काही झालं नाही म्हणून निर्धास्त राहा, असंही मी सांगणार नाही. आपल्याच जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं घरटी करतात, त्यांचं उदाहरण घ्या. अंगदुखीवर तुम्ही घेता ते डायक्लोफेनॅक आपलं यकृत मोडतं, मग ते लघवी आणि पित्तातून जातं. साधारण 2 तासांत रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. गुरांनाही ते चालायचं. पण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसायचा. 2004 मध्ये हे कारण उघड झालं. 2006 मध्ये भारताने गुरांसाठी हे औषध बंद केलं.

तेव्हा असा मेसेज आला, तर औषध सोडण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणता प्राणी, वजनाच्या मानाने किती मात्रा, किती दिवस?

काकांच्या गोळ्या मी पुन्हा सुरू केल्या. उठताना त्यांनी पिशवीतून मधुमेहावरची एक पावडर काढली. डब्यावर ठळक अक्षरांत ‘उंदरांवर सिद्ध’. किती पावडर, किती वजनाच्या उंदराला, काहीच लिहिलेलं नव्हतं. डबा मी टेबलावरच ठेवून घेतला.