रसगुल्ल्याचा ‘जनक’ आणि १९६५ चा हुकूम

कोलकात्याच्या बागबझारात नबीनचंद्र दास यांनी १८६८ साली रसगुल्ला शोधला, हे वाक्य आपण इतक्यांदा वाचले आहे की त्याचा पुरावा मागणेही आगाऊपणाचे वाटते. तरीही माझे मत असे, की दास घराण्याचा इतिहास वाचणाऱ्याने या वाक्यापाशी फार काळ रेंगाळू नये.

कथा देखणी आहे. भगवानदास बागला या धनिक व्यापाऱ्याची गाडी दुकानापाशी थांबते, तहानलेल्या मुलाला पाण्यासोबत रसगुल्ला मिळतो, बागला खूश होऊन भरपूर माल घेतात आणि पदार्थाची कीर्ती शहरभर पसरते. मात्र ही घराण्याने जपलेली आठवण आहे. याच शोधाचे श्रेय फुलियाच्या हराधन मयरा यांनाही दिले जाते. ओडिशा तर पुरीच्या नीलाद्री बिजेच्या नैवेद्याकडे बोट दाखवते. (बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ‘बंगाल जिंकला’ असा गाजावाजा झाला. वास्तविक आद्य निर्माता कोण, हे मानांकन ठरवतच नाही. २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगोळ्यालाही ते मिळाले.)

छेन्याची गोळी उकळत्या पाकात न फुटता फुगायची, तर छेना किती मळावा आणि पाक किती पातळ ठेवावा, हे हाताला कळावे लागते. असे ज्ञान एका माणसाला एका दिवशी सुचण्यापेक्षा अनेक भट्ट्यांवर साचत आले असण्याचा संभव अधिक. नबीनचंद्रांनी ते पक्के केले आणि लोकप्रिय केले, एवढे मानायला माझी हरकत नाही.

पुढची पिढी मला अधिक महत्त्वाची वाटते. नबीनचंद्रांचे पुत्र कृष्णचंद्र, म्हणजेच के. सी. दास, यांच्या काळात, १९३० मध्ये, रसगुल्ला हवाबंद डब्यात गेला. दोन-चार दिवसांत आंबणारा माल आता परगावी जाऊ शकत होता. गल्लीतल्या दुकानाचा उद्योग झाला तो येथे.

आणि मग १९६५. दुधाच्या टंचाईत प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवर बंदी घातली. दूध आधी मुलांच्या व रुग्णांच्या तोंडी जावे, हा हेतू वाईट नव्हता. पण हलवाई, त्याचे कारागीर आणि खेड्यातून छेना आणणारे यांचा व्यवसाय एका हुकमासरशी बेकायदा ठरला. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली, सेन स्वतः आरामबागेत अजय मुखर्जींकडून हरले. ‘रसगुल्ल्याने सरकार पाडले’ हे गमतीचे वाक्य मला पटत नाही. त्या पराभवामागे तांदळाची टंचाई आणि १९६६ चे अन्न आंदोलन कितीतरी मोठे होते. घराण्याने मात्र बंगालबाहेर पाय रोवला: १९७२ साली के. सी. दास यांचे दुकान बंगळुरात उघडले.

बागलांच्या गाडीवर हजार पोस्टी निघतात. त्या बंदीच्या काळात बागबझारातल्या कारागिरांनी पोट कसे भरले, यावर मला मराठीत अजून एकही दिसलेली नाही. कोणी बांगला वाचणारे असाल, तर या धाग्याखाली जरूर लिहा.